पाळक नसलेल्या रविवारी भक्ती कशी आखावी, कशी चालवावी

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका गावात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मराठी मंडळी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांचा उपासक समुदाय, आहे. पाळकसाहेबांकडे चार मंडळ्या, त्यामुळे महिन्यातले दोन रविवार मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीने ताईंवर सोपवले. त्या शिक्षिका आहेत, शब्बाथशाळा घेतात, पण पूर्ण उपासना कधी चालवलेली नाही. भक्ती दोन तासांवर जाते. तरुणांना कीबोर्डवरची नवी गाणी हवीत, वडीलधाऱ्यांना ‘उपासना संगीत’ हे जुनं गीतपुस्तक सोडवत नाही. दिवाळीनंतर निम्मी मंडळी ऊसतोडीला जाते, तेव्हाच्या भक्तीचं काय करायचं, हेही त्यांनी विचारलंय.

जय ख्रिस्त, ताई.

तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगतो. उपासना मंडळीने करायची असते. आपल्याकडे हळूहळू असं होत गेलं की चालक बोलतो, क्वायर गातं, पाहुणा उपदेश करतो आणि मंडळी बाकावर बसून ऐकते. येत्या रविवारी घड्याळाकडे लक्ष ठेवा: लोकांच्या स्वतःच्या तोंडून गीत, स्तोत्र, प्रार्थना, निदान ‘आमेन’ निघालं असा वेळ किती होता? पुष्कळ ठिकाणी तो पाव तासही भरत नाही. दोन तासांची भक्ती लांबते ती खरी इथे. लोक कंटाळतात कारण त्यांना काही करायलाच नसतं. तेव्हा आखणी करताना दर टप्प्याला स्वतःला विचारा, ‘इथे मंडळी काय करतेय?’ उत्तर ‘ऐकतेय’ असं लागोपाठ तीनदा आलं, तर तिथे बदल करा.

क्रम तुम्हाला नव्याने शोधायचा नाही. यशया ६ उघडा. देवाचं पावित्र्य दिसतं, माणसाला आपली अशुद्धता कळते, क्षमा मिळते, वाणी ऐकू येते आणि शेवटी ‘हा मी आहे, मला पाठव’. लूक २४ मधल्या अम्माऊसच्या वाटेवर आधी शास्त्राचा उलगडा होतो, मग भाकर मोडली जाते, मग ते दोघे शिष्य उठून यरुशलेमेकडे परत निघतात. जमणं, वचन ऐकणं, त्याला उत्तर देणं, पाठवलं जाणं, एवढाच सांगाडा. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलंय, त्यातही हेच दिसतं: प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचायचे, मग अध्यक्षाने बोध करायचा, मग सगळ्यांनी उठून प्रार्थना करायची, मग भाकर आणि द्राक्षारस, आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांची सोय. अध्यक्षाच्या प्रार्थनेला लोक आमेन म्हणत, हे त्याने आवर्जून सांगितलंय. मला ते फार मोलाचं वाटतं.

आता तुमच्या अधिकाराची हद्द, कारण नव्या चालकाची इथे कुचंबणा होते. प्रभुभोजन पाळकसाहेब असतील त्या रविवारीच. पापांगीकारानंतरची, म्हणजे सगळ्यांनी मिळून पापं कबूल केल्यानंतरची, क्षमा पाळक ‘तुम्हाला’ म्हणून जाहीर करतात, तुम्ही ‘आपल्याला’ म्हणून वचन वाचा. योहानाच्या पहिल्या पत्रातलं १:९ त्यासाठी पुरेसं आहे. शेवटचा आशीर्वादही तसाच, २ करिंथ १३:१४ मधला ‘तुम्हा सर्वांबरोबर’ तुमच्या तोंडी ‘आपणा सर्वांबरोबर’ होतो. हात वर करायची गरज नाही. बाकी सगळं तुम्ही मोकळ्या मनाने चालवू शकता, आणि ते काही कमी नाही.

लिहिलेल्या प्रार्थना वाचायच्या की आपल्या शब्दांत करायची, यावरही तुमच्याकडे कुरबुर असणार. त्यामागे इतिहास आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात प्रार्थनापुस्तकावर वाढलेले अँग्लिकन होते आणि आपल्या शब्दांत प्रार्थना करणारी प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल वळणाची मंडळीही होती. नगर जिल्ह्यात तर अमेरिकन मराठी मिशन आणि अँग्लिकन मिशन शेजारीशेजारी राबली. म्हणून एकाच बाकावर एका आजीला छापील पापांगीकार तोंडपाठ असतो आणि तिच्या जावेला तो कोरडा वाटतो. माझं मत असं: जे सगळ्यांनी मिळून म्हणायचं ते लिहिलेलं असावं, म्हणजे पापांगीकार, प्रेषितांचा विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना. एकाने सगळ्यांच्या वतीने जे मागायचं, ती मध्यस्थीची प्रार्थना मात्र आपल्या शब्दांत, पण तयारी करून.

ही तयारी बहुधा कोणी करत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. शनिवारी एका चिठ्ठीवर पाच ओळी लिहा: जग, देश आणि राज्य, मंडळी, आजारी आणि दुःखी, गाव. प्रत्येक ओळीत एकच नेमकी गोष्ट. ‘शेतकऱ्यांना आशीर्वाद दे’ यापेक्षा ‘कांदा चाळीत सडतोय आणि भाव पडलाय, प्रभो, ज्यांच्या घरी हप्ता थकलाय त्यांना धीर दे’ असं म्हटलं की बाकावरचा माणूस मान वर करतो. ती प्रार्थना त्याची असते. प्रत्येक ओळीनंतर तुम्ही म्हणा ‘प्रभो, तुझ्या दयेने’, मंडळी म्हणेल ‘आमची प्रार्थना ऐक’. दोन रविवारांत हे सगळ्यांच्या अंगवळणी पडतं. आजाऱ्याचं नाव घ्यायच्या आधी त्याला किंवा घरच्यांना विचारा. आजार कोणता, हे प्रार्थनेत कधी सांगू नका. देवाला तो ठाऊक आहे आणि गावाला कळवायचं काम प्रार्थनेचं नव्हे.

आता एक रविवार प्रत्यक्ष आखून पाहू. समजा लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचा, काळ आहे आणि धडा लूक १५ मधला, हरवलेल्या मुलाचा. उपदेशकाला मंगळवारपर्यंत फोन करून दोनच गोष्टी विचारा: उतारा कोणता, आणि शेवटी मंडळीने काय करावं अशी तुमची इच्छा आहे. पाहुणे कधीकधी उतारा शनिवारी रात्रीपर्यंत सांगत नाहीत, तेव्हा आपल्या पाठसूचीतलं (कोणत्या रविवारी कोणते धडे वाचायचे त्या यादीतलं) स्तोत्र धरून पुढे जा, ते वाया जात नाही.

सुरुवात स्तोत्र १०३:८-१३ ने. त्यातल्या तेराव्या वचनात बाप मुलांवर ममता करतो तसा परमेश्वर करतो असं आहे, म्हणजे उपदेशाच्या आधीच दार किलकिलं झालं. मग आराधनेचं गीत. मग पापांगीकार, त्याच्या आधी स्तोत्र ३२:५. इथे शांतता ठेवा, पण आधी सांगा की ‘एक मिनिट शांत राहू या’. न सांगता थांबलात तर लोकांना वाटतं तुम्ही पुढचं विसरलात, आणि पेटीवाला दादा मदतीला धावून सूर धरतो. सांगून थांबलात तर त्या मिनिटात माणसं खरोखर देवापाशी जातात. मग क्षमेचं वचन, आणि लगेच उभं राहून एक छोटं स्तुतिगीत, फार तर दोन कडवी.

शास्त्रपाठासाठी चार जण घ्या: कथन करणारा, धाकटा, थोरला, बाप. थोरल्याचे शब्द शब्बाथशाळेतल्या मोठ्या मुलाला द्या आणि बापाचे शब्द मंडळीतल्या खरोखरच्या एखाद्या आजोबांना. गुरुवारी त्यांना वचनं कागदावर लिहून द्या, मोबाइलवर पाठवू नका, कारण ऐनवेळी प्रत्येकाच्या फोनवर वेगळं भाषांतर निघतं. विसाव्या वचनात मुलगा अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावत जातो, तिथे वाचणाऱ्याने श्वासभर थांबावं. वाचनाआधी कुणीही उताऱ्याचा अर्थ सांगू नये. चालकांना ही खोड असते. उपदेशकाचा अर्धा उपदेश ते प्रस्तावनेतच करून टाकतात.

उपदेशानंतर चटकन आनंदगीत घेऊ नका. गोष्ट थोरला भाऊ अंगणात उभा असताना संपते, तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलं नाही. त्यामुळे इथे मध्यस्थीची प्रार्थना येऊ द्या: जमिनीच्या वाटणीवरून बोलणं बंद झालेली भावंडं, घर सोडून पुण्या-मुंबईला गेलेली आणि फोन न करणारी मुलं, त्यांची वाट पाहणारे आईबाप. नावं घ्यायची नाहीत, पण प्रत्येक बाकावर कुणाला तरी आपलंच घर आठवेल. मग अर्पण, प्रभूची प्रार्थना, पाठवणीचं गीत, आशीर्वाद.

वेळेचा हिशेब सव्वा ते दीड तासाचा ठेवा. जमणं आणि पापांगीकार वीस मिनिटं, शास्त्रपाठ दहा, उपदेश वीस, विश्वासांगीकार आणि प्रार्थना पंधरा, अर्पण आणि पाठवणी दहा ते पंधरा. उपदेशक पाहुणा असला तरी त्याला वेळ आधीच सांगा, नम्रपणे पण आकडा घालून. ‘थोडक्यात बोला’ या सांगण्याला काही अर्थ नसतो.

सूचना, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस यांना त्या वेळेच्या बाहेर काढा. घंटा झाल्याबरोबर, पहिल्या गीताआधी पाच मिनिटांत सूचना संपवा, किंवा आशीर्वादानंतर चहाच्या वेळी वाढदिवस घ्या. उपदेश आणि प्रार्थना यांच्या मधोमध महिला मंडळाच्या सहलीची वर्गणी जाहीर झाली की वचन तिथेच सुकतं. नाताळात येणारे पुढारी आणि त्यांची शाल-श्रीफळं यांच्याबाबतही मी ठाम आहे: पाहुण्यांचं स्वागत प्रेमाने करा, त्यांना पुढच्या बाकावर बसवा, पण सत्कार आणि भाषण आशीर्वादानंतर. वेदीपुढे त्या तासाला दुसऱ्या कुणाचा सत्कार शोभत नाही. हे पंचकमिटीत आधीच ठरवून घ्या, ऐनवेळी तुम्हाला एकटीला कुणाला नाही म्हणावं लागू नये.

गीतांकडे वळतो, कारण खरा वाद तिथे आहे. दोन जुनी, दोन नवी अशी वाटणी करू नका. वाटणीने दोन्ही बाजू आपापली गीतं मोजत बसतात. प्रत्येक गीताला विचारा, ‘तू इथे काय करणार?’ हाक मारायला एक, पापांगीकारानंतर एक, वचनाला उत्तर म्हणून एक, निरोपाला एक. त्या जागेला जे गीत शोभेल ते घ्या, मग ते शंभर वर्षांचं असो की गेल्या वर्षीचं. वचनाला उत्तर द्यायला जुनी गीतं बहुधा सरस ठरतात, कारण त्यांत विचार पुढे सरकतो. आराधनेच्या सुरुवातीला चार ओळींचं नवं गाणं छान बसतं, कारण त्याला पुस्तक लागत नाही.

पुस्तक न लागणं ही आपली जुनी दौलत आहे, हेही तरुणांना सांगा. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये ते गेले. तेवढ्या काळात त्यांनी अभंग, ओव्या, भजनं अशी लिहिली की ज्याला अक्षर येत नाही तोही गाऊ शकेल. एकाने ओळ म्हणायची, सगळ्यांनी झेलायची, टाळ आणि ढोलकीवर भजनी ठेका. तुमच्या कीबोर्डवाल्या मुलाला एक रविवार टाळ वाजवायला द्या आणि ढोलकीवाल्या काकांना त्याच्या नव्या गाण्यात केरवा धरायला सांगा. एकमेकांच्या गाण्यात हात घातला की वाद बराचसा निवळतो, हे मी अनेक मंडळ्यांत पाहिलंय.

मंडळी गात नाही, याचं कारण पुष्कळदा श्रद्धेत नसून पट्टीत असतं. क्वायरमधली चांगल्या गळ्याची बहीण उंच पट्टीत गाते, चाल तार षड्जाला (वरच्या ‘सा’ला) भिडते, आणि तिसऱ्या ओळीला सगळे पुरुष आणि निम्म्या बायका गप्प होतात. गीत बसवताना चालीतला सगळ्यात वरचा सूर शोधा. चाल तार षड्जाला थांबत असेल तर पेटीवरची काळी एक किंवा पांढरी दोन ठीक. तार गंधारापर्यंत (वरच्या ‘ग’पर्यंत) जात असेल तर खालच्या काळी पाचपर्यंत उतरा. क्वायरला ते जड जाईल, खर्जात मजा येत नाही असं म्हणतील, तरी उतरा. इंग्रजी चालींच्या गीतांनाही हेच लागू आहे, पुस्तकात छापलेली मूळ पट्टी पाळायचं बंधन नाही. आणि स्पीकर इतकाच ठेवा की शेजारच्याचं गाणं ऐकू यावं. शेजारचा ऐकू आला नाही की आपणही गायचं थांबवतो.

नवं गीत शिकवायला तीन रविवार द्या. पहिल्या रविवारी अर्पणाच्या वेळी क्वायरने एकट्याने गावं, दुसऱ्या रविवारी ध्रुपद मंडळीने, तिसऱ्या रविवारी पूर्ण. महिन्यात एकापेक्षा जास्त नवं नको. गीताचा क्रमांक दोनदा सांगा, पहिली ओळ वाचा, पानं उलटायचा आवाज थांबू द्या, मगच सूर. सगळी कडवी घेणार नसाल तर कोणती ते आधी सांगा, आणि अर्थ तुटेल अशी कडवी गाळू नका. वधस्तंभावरच्या गीतात पुनरुत्थानाचं शेवटचं कडवं वेळेअभावी गळतं, ते मला खुपतं.

वाचता न येणारी आजी आणि वाचायला न शिकलेलं नातवंड यांना स्तोत्र १३६ द्या. सव्वीस वचनं आहेत आणि प्रत्येकाचा शेवट ‘त्याची दया सनातन आहे’. तुम्ही पहिला भाग वाचा, ते उत्तर देतील. पाचव्या वचनापर्यंत आवाज वाढलेला असेल. हंगामाच्या, म्हणजे पिकाबद्दल आभार मानायच्या, सणाला हे स्तोत्र मी आवर्जून घेतो. शेवटून दुसरं वचन सर्व प्राण्यांना अन्न देणाऱ्या देवाचं आहे, आणि त्या वेळी वेदीपुढे ज्वारीची कणसं, कोंबड्या, अंडी, भोपळे मांडलेले असतात. या वस्तूंचा लिलाव मात्र आशीर्वादानंतर, बाहेर अंगणात.

शुभ शुक्रवार तुमच्यावर आला तर एक हिशेब हाताशी असू द्या. बारा ते तीन म्हणजे एकशे ऐंशी मिनिटं. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, प्रत्येकी पंचवीस मिनिटं, झाली एकशे पंचाहत्तर. त्या पंचवीस मिनिटांत गीत, वाचन, प्रार्थना आणि शांतता बसवायची, म्हणजे वक्त्याला बाराच मिनिटं मिळतात. हे सातही जणांना लिहून कळवा. क्रम आणि वचनं अशी: लूक २३:३४, लूक २३:४३, योहान १९:२६-२७, मत्तय २७:४६, योहान १९:२८, योहान १९:३०, लूक २३:४६. सातांमध्ये दोन बहिणी आणि एक तरुण असावा. आणखी एक विनंती सगळ्यांना करा: रविवारची, म्हणजे पुनरुत्थानाची, बातमी शुक्रवारी सांगू नका. चौथ्या उद्गाराचा वक्ता ‘पण तिसऱ्या दिवशी’ असं म्हणून मोकळा झाला, की ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ या हाकेला कोणी थांबून ऐकत नाही. ज्यांच्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्यांना त्या हाकेपाशी थोडा वेळ बसायची फार गरज असते.

तुमच्या बोलण्याबद्दल थोडंसं. दोन टप्प्यांच्या मध्ये एक वाक्य पुरतं. ‘आता आपण पुढील गीत गाणार आहोत, हे गीत फार सुंदर आहे, यातून आपल्याला असा बोध मिळतो’ यातलं काही नको. उभं राहायला सांगताना ‘ज्यांना शक्य आहे ते’ हे शब्द घाला, गुडघे दुखणाऱ्यांना अपराधी वाटत नाही. तुमचा भाग नसेल तेव्हा बाजूला बसा आणि मंडळीबरोबर गा. लोक चालकाकडे बघत असतात. चालक उपदेशाच्या वेळी चिठ्ठ्या चाळत असला की त्यांचंही लक्ष उडतं.

आता ऊसतोडीचा काळ. आधी निरोपाची भक्ती ठरवा, टोळ्या निघण्याच्या आदल्या रविवारी. जाणाऱ्या कुटुंबांना पुढे बोलवा, स्तोत्र १२१ सगळ्यांनी मिळून वाचा. ‘तुझे जाणेयेणे’ राखण्याचं वचन त्याच्या शेवटीच आहे. कोणती टोळी कोणत्या कारखान्याला चाललीय ते लिहून घ्या आणि ती यादी दर रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत असू द्या. प्रत्येक कुटुंबाला एका कागदावर प्रभूची प्रार्थना, एक स्तोत्र आणि दोन गीतं लिहून द्या, कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीत) रात्री दहा मिनिटांत होईल एवढंच. रविवारी साडेनऊला इथे घंटा होते तेव्हा तिकडे फडात कोयता चालू असतो, म्हणून त्यांची भक्ती कोणत्या वेळेला व्हावी ते त्यांनाच ठरवू द्या.

मागे पंधरावीस माणसं राहतील, बहुतेक म्हातारी आणि शाळकरी मुलं. त्यांना मोठ्या मंडळीचा क्रम लावून रिकाम्या बाकांसमोर माइकवर बोलू नका. बाकं गोल करा, माइक बंद, पेटीही नसली तरी चालेल. स्तोत्र एकेक वचन करत सगळ्यांनी फिरवून वाचावं, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी शेजारच्याने. उपदेशाऐवजी शुभवर्तमानाचा धडा दोनदा वाचा, आणि मधे विचारा की कोणता शब्द मनात राहिला. आजी बोलल्या की मुलं ऐकतात, हे शाळेत तुम्ही रोज बघत असाल. प्रार्थनेत प्रत्येकाने तोडीला गेलेल्या एकेका माणसाचं नाव घ्यावं. अर्पण कमी जमेल, तरी ते वेदीवर नेऊन ठेवाच. रजिस्टरमध्ये त्या दिवसाची हजेरी आणि गीतांचे क्रमांकही लिहून ठेवा, म्हणजे चैत्रात टोळ्या परतल्यावर कोणती गीतं त्यांनी ऐकलेली नाहीत ते तुम्हाला कळेल, आणि त्यांच्या पहिल्या रविवारी त्यांना येणारीच गीतं घेता येतील.